कुंड्यांच्या ट्रेलरचं घर

८ फेब्रुवारी, रविवार

दादा आज टेप घेऊन आला. बाबांना जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर! स्वयंपाकघर मोजलं, पुढची खोली मोजली, मोरीसुद्धा सोडली नाही. मोजून काय मिळणार होतं कोण जाणे — घर विकून झालंय, घेणाऱ्यानं बघून झालंय, सह्या झाल्यात. पण दादाला टेप ओढायला आवडते. ती सर्रकन आत जाते तेव्हा त्याच्या तोंडावर असं समाधान पसरतं, जसं काही त्यानं हुकूम केला म्हणूनच गेली.

“एप्रिलअखेर रिकामं करून द्यायचंय,” म्हणाला. “तू आमच्याकडे ये. मागची खोली आहेच.”

मागची खोली! तिथे मोडके पंखे, इस्त्रीचं टेबल आणि जुन्या गाद्या असतात. आता त्यांच्यात मी. दिवसभर शाळेची व्हॅन चालवायची आणि संध्याकाळी ह्यांच्या घरची उस्तवार करायची. हे सगळं तो उपकार केल्याच्या आवाजात सांगतो. त्याच्याकडे दुसरा आवाज नाहीच.

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती कायम कडेवरच बसते, अख्ख्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली नसल्यासारखी. “या ना वन्सं,” म्हणाली. वन्सं! ह्या काळात नणंदेला वन्सं म्हणणारी ही शेवटची बाई असेल. इतकी वर्षं बघतेय हिला, हिच्या तोंडून एक वाक्य स्वतःचं ऐकलं नाही. दादा म्हणेल त्याला होकार, मी म्हणेन त्यालाही होकार. आमचं दोघांचं भांडण असलं की दोन्हीकडे होकार.

मी म्हटलं, बघते.

१० फेब्रुवारी

अर्ज केला होता त्या निवासी शाळेतून बाईंचा फोन. नोकरी पक्की! त्यांना मुलींची गाडी चालवायला बाईच हवी होती. जूनपासून काम, पण मेपासून राहायला आले तरी चालेल. अडचण एकच. “राहायला खोली नाही हो आमच्याकडे. आवार मोठं आहे, नळ आहे, लाइट आहे. जागा हवी तेवढी.”

जागा हवी तेवढी आणि खोली नाही. फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात बाबांचा ट्रेलर. रोपवाटिका होती तेव्हा त्यातून कुंड्या जायच्या. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, कडेला फळ्या. बाबा गेले, रोपवाटिका त्याआधीच गेली, हा उभाच आहे.

त्याच्यावर एक खोली उभी राहील. का नाही राहणार? जीप माझी आहे, ओढायला ती पुरेल. मागची खोली दादानं मोजत बसावी!

१२ फेब्रुवारी

फळ्या काढल्या. बोल्ट गंजून गेलेले — पान्यावर उभी राहिले तेव्हा एकेक हलला. खालचा सांगाडा बरा आहे. अँगल जाड, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे शाबूत, एका कोपऱ्यात गंजानं पत्र्याची जाळी झालीय. तेवढं कापून नवीन घालायचं. सांगाडा आखूड आहे हा मोठा प्रश्न. झोपले तर पाय बाहेर. मागे दोन फूट वाढवला तर पलंग बसेल आणि पायाशी एक ओटाही बसेल.

दादाचा फोन. त्याला कसं कळलं? सांगितलं मीच. चूक केली.

“ट्रेलरमध्ये राहणार? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?”

“लोक म्हणजे लोक!”

१५ फेब्रुवारी, रविवार

वेल्डर येऊन गेला. मी त्याचं नाव ठिणगी ठेवलंय, कारण बोलतो तेव्हा तोंडातून थुंकीच्या ठिणग्या उडतात. त्यानं म्हणे पूल बांधलेत. पाण्याच्या टाक्या बांधलेत. एका नाटकमंडळीसाठी फिरता रंगमंच बांधला, तो अजून फिरतोय. सांगाड्याभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली. सगळे पुरुष टायरला लाथ का घालतात? टायर काय सांगतो त्यांना?

“मागून वाढवू. सोप्पं काम. पुढे जीपला जोडायचा दांडा आहे, तिकडे कशाला हात लावायचा!”

मलाही तसंच वाटत होतं. ठरलं. उद्या सकाळी येतो म्हणाला.

१६ फेब्रुवारी

आला नाही.

१७ फेब्रुवारी

आला नाही. फोनवर म्हणाला, “निघालोच होतो.” निघालोच होतो! माणूस निघाला की कुठेतरी पोचतो ना?

१८ फेब्रुवारी

आला. अँगल कापले, सगळे आखूड निघाले. सगळे सारखेच आखूड! त्याची टेप हातात घेऊन बघितली, तर टेपचं पुढचं टोकच तुटलेलं. पहिला इंच गायब. “म्हणजे तुमचे ते सगळे पूल एकेक इंच आखूड आहेत का हो?” म्हटलं. तो हसला. ह्याला अपमान कळत नाही, हे ह्याचं खरं कौशल्य.

पुन्हा अँगल आणले. पुन्हा कापले, ह्या वेळी माझ्या टेपनं. दोन्ही कर्ण मी स्वतः मोजले — बरोबर सारखे. टाके बरे मारतो, ते मात्र कबूल.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा-वहिनी पुन्हा हजर. दादा अंगणात हात मागे बांधून उभा राहिला. ऑफिसात ह्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही, त्यामुळे ह्याला वाटतं की लोखंडही ह्याच्या सहीनं जोडतात. कुठला अँगल हे विचारलं, उत्तर ऐकलं नाही, “चुकीचा आहे,” म्हणाला. उंटावरचा शहाणा! उंटावर तरी कधी चढला असेल का कोण जाणे.

आणि वहिनी. सांगाड्याच्या कडेशी आली, पदर सावरून हळूच बोट लावलं — गरम आहे का बघतात तसं. म्हणाली, “वन्सं, दाराला आतून कडी असणार ना?”

कडी! अजून जमीन नाही, भिंती नाहीत, छप्पर नाही आणि हिला कडीची काळजी.

“तुला काय कळतंय त्यातलं!” दादा म्हणाला.

मी मोठ्यानं हसले. दादा पण हसला. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं भावंडं कशावरून तरी एकत्र हसलो. वहिनी कप गोळा करायला आत गेली. कप अजून भरलेलेच होते.

१ मार्च, रविवार

लिहून काढते.

आज पहिली चाचणी. नुसता सांगाडा आणि त्यावर वाळूच्या गोण्या, पुढे खोलीचं वजन येईल त्या अंदाजानं. निघते तर फाटकात वहिनी! एकटी, बसनं आलेली. बाबांची पांघरुणं न्यायला आले म्हणाली. पांघरुणं कपाटात आहेत म्हटलं, तर जीपमध्ये बसली. “मी येऊ का बरोबर?” — बसून झाल्यावर विचारलं!

सरळ रस्त्याला ठीक होतं. टेकडीचा उतार लागला, जीपनं वेग घेतला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडंसं. मग डावीकडे, उजवीकडे — आरशात कधी हे चाक, कधी ते चाक. जीपचं ढुंगण त्याच्याबरोबर फरफटायला लागलं. एका बाजूला नाला. ब्रेक दाबावा असं सगळं अंग सांगत होतं. नाही दाबला. पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं आणि तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. हळूहळू झोके कमी झाले. नाल्याच्या काठाशी थांबलो. एक गोणी फुटून वाळू रस्ताभर.

शेजारी बघितलं. वाटलं, बाई बेशुद्ध पडली असणार. वहिनी दोन्ही हातांनी दांडी धरून बसलेली, केस सुटलेले, आणि हसत होती! तोंडावर हात न ठेवता, खदखदून. हिला दाढा आहेत हे मला आज कळलं.

“वन्सं,” म्हणाली, “परत एकदा जाऊ या?”

डोक्यावर परिणाम झाला असावा.

पांघरुणं विसरूनच गेली.

३ मार्च

चूक कळली. माझी आणि ठिणगीची, निम्मी निम्मी. मागून वाढवलं, पण चाकं होती तिथेच ठेवली. सगळा भार चाकांच्या मागे. पुढचा दांडा जीपवर दाबून बसायच्या ऐवजी वर उचलायला बघतो. असा ट्रेलर हलणार नाही तर काय करणार? दोघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि एकानं म्हणे पूल बांधलेत!

ठिणगी म्हणतो, “रस्ताच खराब आहे तो.”

नाचता येईना, अंगण वाकडं. सांगितलं त्याला — पाटे काप, अ‍ॅक्सल मागे सरकव, आणि आता दांडाही लांब करायचा. “दांड्याला कशाला?” म्हणे. आखूड दांडा जरा वळलं की चिडतो, म्हणून. माझ्या घरात एक दांडा आहेच गोतास काळ, दुसरा मला नको.

त्याला कळलं नाही. एवढा चांगला विनोद वाया गेला.

८ मार्च, रविवार

अ‍ॅक्सल मागे गेला, दांडा लांब झाला. जुन्या दांड्याला बाहेरून नवा अँगल, दोन्ही बाजूंनी पट्ट्या. त्याच उतारावरून नेला. सरळ! माझ्या मागे असा चालला की आरशात बघून शंका आली, सुटला तर नाही ना.

वहिनी आलीच होती. पांघरुणं न्यायला! त्या पांघरुणांची घडी अजून मोडलेली नाही. परत येताना मोकळ्या मैदानापाशी म्हणाली, “मला शिकवाल?”

“काय?”

“हे. चालवायला.”

मला हसू आवरेना. हिला! रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो हिचा. पण बसवलं. गंमत म्हणून, खरं सांगायचं तर. दादाला सांगताना मजा येईल असंही वाटलं. तिनं स्टिअरिंग असं धरलं जसं तव्यावरून काही उचलतेय. क्लच सोडला, जीप बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा. मी काय काय बोलले! ती “हो वन्सं,” “हो वन्सं” करत किल्ली फिरवत राहिली.

उतरताना म्हणाली, “ह्यांना सांगू नका.”

का कोण जाणे, नाही सांगितलं.

१५ मार्च, रविवार

बाजूंच्या भिंती चढल्या. आतून प्लायवूड, बाहेरून पत्रा. प्लायवूडचं दुसरं टोक वहिनीनं धरलं, कारण ठिणगी “निघालोच होतो.” धरायला बरी आहे. हलत नाही. सांगितल्याशिवाय सोडत नाही. ह्याला अक्कल म्हणत नाहीत, पण प्लायवूडला अक्कल लागतही नाही.

काम संपायला आलं तशी तिची चुळबुळ. दादा कधी येणार, हे सारखं विचारत होती.

“आला तर आला. तुमच्याकडे किल्ली आहे ना?”

“नाही.”

“नाही म्हणजे? हरवली?”

“नाही हो. किल्ली ह्यांच्याकडेच असते. दार ओढलं की आपोआप बंद होतं ना. बाहेर पडता येतं. आत नाही येता येत.”

“मग इथून गेल्यावर काय करता?”

“पायरीवर बसते. ते येईपर्यंत.” स्क्रू शोधता शोधता सांगत होती, भाजी काय केली सांगावं तसं. “मी हरवते म्हणून देत नाहीत. एकदा हरवली होती मी, नव्या घरात आल्या आल्या.”

त्या घरात त्यांना येऊन वीसेक वर्षं झाली.

मला इतका राग आला! दादाचा नाही — तिचाच. पन्नाशी उलटलेली बाई आणि स्वतःच्या घराच्या पायरीवर बसते, दूधवाल्यासारखी! भांडावं, किल्ली हिसकून घ्यावी, दुसरी करून घ्यावी. कोपऱ्यावर किल्लीवाला बसतो. मी असं सगळं बोलले. ती म्हणाली, “हो वन्सं.”

पालथ्या घड्यावर पाणी.

१८ मार्च

व्हॅनमध्ये आज एका मुलीनं डबा सांडला. मी ओरडले, “तुला काय कळतंय की नाही!” आवाज माझाच होता, पण म्हणायची पद्धत हुबेहूब दादाची. आरशात बघितलं. मुलगी सांडलेलं गुपचूप रुमालात गोळा करत होती.



२२ मार्च, रविवार

दार बसवलं. आतून कडी लावली — चांगली भक्कम. दुकानदारानं लहान दाखवली होती, मी मोठी मागितली. वहिनीनं दहादा लावून उघडून बघितली.

तिसऱ्या गिअरपर्यंत पोचली. मैदानाबाहेर नेलं आज तिला. एका ट्रकला वाट दिली, शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाकडे बघून हसली. पोलिसाकडे! लायसन्स नाही बाईकडे आणि ही दात काढतेय! ट्रेलर जोडायलाही येतं आता. जीप पुढे लावायची, दांड्याचं तोंड जीपमागच्या गोळ्यावर उतरवायचं, खिटी, साखळी, मग चाकांखालच्या विटा काढायच्या. विटा काढायच्या शेवटी हे मला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा नाही.

संध्याकाळी निवासी शाळेचा रस्ता दाखवला तिला नकाशावर. सहज. इथून सकाळी निघालं तर दुपारी पोचतं. ती बोटानं तो रस्ता गिरवत बसली. “सगळा सरळच आहे हो,” म्हणाली.

नकाशावर सगळे रस्ते सरळच असतात, म्हटलं.

२९ मार्च, रविवार

आज नको ते झालं. दादा अचानक आला. वहिनी छपरावर! हातात लाल प्रायमरचा ब्रश, पदर खोचलेला, नाकावर रंग. दादा खालून बघत राहिला. ओरडला नाही. त्याचं ओरडणं परवडतं.

“उतर.”

उतरली.

मग माझ्याकडे वळला. ट्रेलर बाबांच्या नावावर आहे, म्हणजे निम्मा त्याचा आहे. घर घेणाऱ्याला अंगण मोकळं हवंय. तमाशा पुरे झाला, नाहीतर सरळ भंगारात घालतो. “आणि हिला ह्यात ओढू नकोस. हिला एक काम धड येत नाही, पडली असती म्हणजे? शेवटी निस्तरायला मीच.”

वहिनी ब्रश रॉकेलात धूत उभी. तिच्याकडे बघून म्हणाला, “चल घरी.” गेली. निमूट. दावं ओढल्यावर शेळी जाते तशी. फाटकात एकदा तरी वळून बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

मी तोंडात फडकं कोंबल्यासारखी गप्प! “ती तिसऱ्या गिअरमध्ये चालवते” एवढंच म्हणायचं होतं. “छप्पर तिनं रंगवलंय” एवढं तरी. मला बोलायला कोणाची चोरी होती? वहिनीला शेळी म्हणते आणि मी कोण?

५ एप्रिल, रविवार

वहिनी आली नाही.

पलंगाची चौकट एकटीनं बसवली. एक टोक धरावं तर दुसरं पडतं. शेवटी बादली उपडी घालून त्यावर टेकवली. बादलीपेक्षा वहिनी बरी.

१२ एप्रिल, रविवार

आली नाही. फोन केला, दादानं उचलला. तिचा फोन त्याच्याकडे! “झोपलीय,” म्हणाला. सकाळी अकरा वाजता.

“उठली की सांग मला फोन करायला.”

“कशाला? काय काम आहे?”

काय काम आहे, हे मला सांगता आलं नाही. पांघरुणं, म्हटलं.

“ती मी नेईन.”

ठिणगीनं कोपऱ्यांना टेकू लावून दिले, उभा केल्यावर हलू नये म्हणून. खिडकी बसली. शेगडीची जागा झाली. दिवे तेवढे राहिले. आत बसून बघितलं. छान झालंय, अगदी छान. आणि मी तिथे तोंड पाडून बसलेली! स्वतःचाच राग आला. हेच हवं होतं ना बाई तुला? एकटीची खोली. कोणाचं ऐकायला नको, कोणाला सांगायला नको.

१७ एप्रिल

घर घेणाऱ्याचा निरोप — अंगण कधी मोकळं होणार? म्हणजे दादा मागे लागलाय. कळवलं, पुढच्या रविवारी, २६ तारखेला जाते.

२० एप्रिल, सोमवार

अंगण रिकामं.

सकाळची फेरी करून आले, मुलं शाळेत सोडली, फाटक उघडं. ट्रेलर नाही. जीप नाही! जीपची किल्ली खुंटीवर असते. खुंटी रिकामी. घराची एक किल्ली बाबांच्या वेळेपासून दादाकडे आहे. म्हणजे त्यानं नेलं! बहिणीचं घर पळवलं! निम्मा त्याचा म्हणून अख्खा नेला, आणि वर माझी जीप! मी अंगणात उभी राहून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कागद फाटेल.

तेवढ्यात दादा. ट्रकमधून, शेजारी भंगारवाला! उतरला आणि माझ्यासारखाच थिजला.

“कुठे लपवलास?”

“मला विचारतोस? तू कुठे नेलास?”

“मी आत्ता न्यायला आलोय!”

भंगारवाला एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. म्हणजे खराच चोर! लायसन्स, कागदपत्रं, सगळं जीपमध्ये. मी रडायच्या बेतात.

ठिणगी आला, हातात दिव्यांची वायर. “अहो ताई, निघालात वाटलं! सकाळी चौकात दिसला की ट्रेलर. तुमच्या वहिनी चालवत होत्या. मी हात केला, त्यांनी हॉर्न दिला.”

दादा मोठ्यानं हसला. “ती? तिला सायकल येत नाही!”

आणि माझ्याकडे बघितलं, मीही हसेन म्हणून.

भिंतीला लागून विटा ठेवलेल्या होत्या. चारही. नीट, एकीवर एक. चोर विटा रचत नाही.

“तिला चौथा गिअरही येत असेल आता,” मी म्हटलं. “तिसरा मी शिकवला.”

दादाचा चेहरा! त्यानं खिशातली किल्ली चाचपली, त्याच्या घराची. मग फोन काढला, लावला आणि त्याच्याच दुसऱ्या खिशात वाजला — तिचा फोन! भंगारवाल्यानं तोंड फिरवलं. तो हसत होता.

दादा पोलिसांकडे जायची भाषा करायला लागला. म्हटलं, जा. जीप माझी आहे, मी दिली तिला. ट्रेलर निम्मा तुझा, तर निम्म्याची तक्रार दे. तो बडबडत ट्रकमध्ये बसला. भंगारवाला म्हणाला, “साहेब, मग मोडकी कुंडी वगैरे तरी आहे का काही?”

मी दिवसभर फाटकाशी. मनात सारखा तो उतार. मागचं वजन बरोबर आहे, अ‍ॅक्सल मागे घेतलाय, मी स्वतः मोजलंय. पण ट्रेलरनं शेपूट हलवलंच तर? पाय उचलायचा, ब्रेक नाही दाबायचा — हे मी तिला सांगितलं होतं का? की नुसत्याच शिव्या दिल्या होत्या?

२१ एप्रिल

वहिनीचा फोन, शाळेच्या ऑफिसातून. पोचली! काल दुपारीच पोचली, फोन इथला रात्रभर बंद होता म्हणे. उतारावर हलला थोडा. पाय उचलला, म्हणाली.

“हे सोमवारी भंगारवाला आणणार, ते रविवारी कळलं मला. तुम्हाला सांगायला फोन नव्हता. म्हणून ह्यांच्या खणातली तुमच्या घराची किल्ली उचलली आणि मीच निघाले. नळाजवळ लावलाय. वाकडा लागलाय जरा.”

विचारलं, “परत कधी येताय?”

“रिव्हर्स कुठे शिकवलात तुम्ही, वन्सं?” आणि ते खदखदून हसू.

मग म्हणाली, इथल्या बाईंना स्वयंपाकघरात मदत हवीय, मी हो म्हटलंय. मग म्हणाली, तुम्ही बसनं या, पांघरुणं घेऊन या, इथे रात्री गार वाटतं. पलंगाची कुठली बाजू हवी तेही आत्ताच सांगा.

बाजू! माझ्याच ट्रेलरमध्ये मला विचारते!

खिडकीची, म्हटलं.

“नाही,” म्हणाली. “ती मी घेतलीय.”